उरलेल्यांचे शास्त्र?

बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत एक चाळण फिरू लागते. आधी वैद्यकीय, मग अभियांत्रिकी, मग दंतवैद्यक, आयुर्वेद, औषधनिर्माण. या सगळ्या जाळ्यांतून जो खाली पडतो त्याला सांगितले जाते, ''आता जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करून टाक.'' या वाक्यातले 'टाक' हे क्रियापद फार बोलके आहे. विजेचे बिल भरून टाकावे तशी पदवी करून टाकायची! त्या पदवीचा विषय जीवरसायनशास्त्र किंवा रेणवीय जीवशास्त्र असला, तर ''म्हणजे पुढे लॅबमध्ये रक्त तपासणार का?'' हा नातेवाइकांचा प्रश्नही ठरलेला. ज्या शास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत वैद्यक, शेती आणि गुन्हेतपास या तिन्ही क्षेत्रांचा पाया बदलला, ते शास्त्र आपल्या समाजाने उरलेल्यांसाठी राखून ठेवले आहे.

ही तुच्छता केवळ घरातली असती तर तिच्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु शिक्षणव्यवस्थेच्या वरच्या मजल्यावरही ती सुखेनैव नांदते. तालुक्याच्या महाविद्यालयाने शिकवावे आणि परीक्षा घ्याव्यात. शोधाचे काम पुणे, मुंबई, बंगळूरू, हैदराबाद येथील मोठ्या संस्थांनी करावे, अशी ही श्रमविभागणी आहे. वरवर पाहता ती शहाणपणाची वाटते. महागडी उपकरणे गावोगाव कोठून आणणार? पण तिच्या मुळाशी एक मोठा गैरसमज आहे. जीवरसायन आधी पुस्तकातून पाठ करावे आणि पुढे केव्हातरी हाताने करावे, हा तो गैरसमज. व्याख्यान ऐकून कोणाला तबला आला आहे काय? विकराची क्रिया तापमानावर अवलंबून असते, हे वाक्य पाठ करायला अर्धे मिनिट पुरते. आपल्याच लाळेतल्या अमायलेजमुळे स्टार्चचा निळा रंग प्रत्येक चाचणीगणिक फिका होत जाताना पाहायचा आणि शेजारच्या नळीत तो फिका का झाला नाही याचे कारण शोधायचे, तर त्याला अख्खी दुपार लागते. विद्यार्थी शास्त्रज्ञ होऊ लागतो तो अशा दुपारीच.

लहान महाविद्यालय या शास्त्राला मारक असते, तर थॉमस चेक आणि जेनिफर डाउडना ही नावे जगाला कळलीच नसती. अमेरिकेतल्या आयोवा या शेतीप्रधान राज्यात ग्रिनेल नावाचे महाविद्यालय आहे. विद्यार्थिसंख्या दोन हजारांच्या आत. चेक यांनी १९७० साली तेथून रसायनशास्त्राची पदवी घेतली. रासायनिक क्रिया घडवून आणणे हे प्रथिनांचेच काम, असे तोवर मानले जात होते. ते काम आरएनएही करू शकतो, हे चेक यांनी १९८२ साली दाखवून दिले आणि १९८९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना महाविद्यालयाच्या. तेही असेच लहान. रसायनशास्त्र आपल्याला झेपत नाही असे वाटून त्या फ्रेंच भाषेकडे वळण्याच्या बेतात होत्या. खुद्द फ्रेंचच्या शिक्षिकेनेच त्यांना शास्त्र सोडू नकोस असे बजावले. पोमोनातच शॅरन पॅनासेन्को यांच्या प्रयोगशाळेत डाउडना यांनी संशोधनाचे पहिले धडे गिरवले, १९८५ साली जीवरसायनात पदवी मिळवली आणि डॉक्टरेटनंतर त्या चेक यांच्याकडे काम करायला गेल्या. जनुकात नेमका बदल करणाऱ्या 'क्रिस्पर' तंत्रासाठी २०२० साली त्यांना नोबेल मिळाले.

चेक यांनी १९९९ साली एक निबंध लिहून लहान महाविद्यालयांची बाजू मांडली होती. विद्यार्थिसंख्येच्या मानाने पाहिले, तर पुढे विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्यांत या महाविद्यालयांचे पदवीधर मोठ्या विद्यापीठांच्या पदवीधरांपेक्षा सरस ठरतात, असे त्यांचे म्हणणे होते. कारण अगदी व्यवहारातले आहे. मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकाच्या हाताखाली डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांची फौज असते. पदवीच्या मुलाला तेथे काचेची भांडी धुण्याचे काम मिळाले तरी पुष्कळ. लहान महाविद्यालयात अशी फौज नसतेच. प्राध्यापकाला संशोधन करायचे असेल तर एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचे हात हेच त्याचे हात. या महाविद्यालयांपाशी देणगीदारांनी उभारलेला प्रचंड निधी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तालुक्याच्या आपल्या महाविद्यालयाशी त्यांची तुलना पैशांत होऊ शकत नाही. पण आपल्याकडे अडले आहे ते केवळ पैशापाशी काय?

अडले आहे ते १८५७ साली. त्या वर्षी इंग्रजांनी मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे विद्यापीठे काढली ती तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयाने, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि पदवी विद्यापीठाची. १८९८च्या कायद्याने लंडन विद्यापीठाने स्वतःचे हे रूप बदलले आणि ते शिकवणारे विद्यापीठ झाले. आपण मात्र उतरवलेला अंगरखा अद्याप अंगावर मिरवतो आहोत. आपल्या गावाला साजेसा एक प्रयोग अभ्यासक्रमात घालायचा म्हटले, तर संलग्न महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला तो अधिकार नाही. अधिकार नसलेला शिक्षक पोस्टमन होतो. वरून आलेले पाकीट खाली पोहोचवतो.

त्यात हा विषय बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालायचा आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी ओढायचा. ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने दोन वर्षे चालणारा प्रकल्प कोणत्या भरवशावर हाती घ्यावा? मग प्रात्यक्षिकाचे होते प्रदर्शन. एक जण मायक्रोपिपेट हातात धरतो, वीस जण पाहतात आणि वीसही जर्नलांत एकच निष्कर्ष उतरतो. बाहेरून येणारे परीक्षक ती जर्नले पाहून सही करतात. खोटे लिहिण्याचे इतके पद्धतशीर शिक्षण दुसऱ्या कोणत्या विषयात मिळत असेल! याला अपवाद असणारी महाविद्यालये महाराष्ट्रात आहेत. पण ती व्यवस्थेमुळे नव्हेत, एखाद्या हट्टी विभागप्रमुखामुळे आहेत.

या व्यवस्थेची किंमत कोठे मोजावी लागते हे पाहायचे असेल, तर सिकलसेलचे उदाहरण घ्यावे. जीवरसायनाच्या प्रत्येक पुस्तकात ते आहे. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार असल्याचे सांगितले. १९५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्याचे मूळ दाखवले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. जनुकातले एक अक्षर बदलते आणि लाल पेशी प्राणवायू सोडताना विळ्यासारख्या वाकतात, केशवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना देतात. रेणवीय जीवशास्त्रातला हा बहुधा सर्वांत सुंदर धडा आणि रुग्णासाठी सर्वांत क्रूर. गडचिरोली, नंदुरबार, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत तो घराघरांत माहीत आहे. तरीही त्या जिल्ह्यांतला विद्यार्थी हा धडा वाचतो तो परदेशी पुस्तकातल्या आफ्रिकेच्या नकाशासह. मागच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या भावाला तोच आजार आहे, याचा त्या धड्याशी संबंध त्याला कोणी जोडून देत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये हे उद्दिष्ट, आणि सात कोटी लोकांची तपासणी हा त्याचा आवाका. या तपासणीची पहिली पायरी असलेली विद्राव्यता चाचणी एका परीक्षानळीत होते. रासायनिक द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा. सदोष हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात. पण यातून माणूस रुग्ण आहे की केवळ वाहक, हे कळत नाही. त्यासाठी विद्युतसंचारणाने हिमोग्लोबिनचे पट्टे वेगळे करावे लागतात. तो प्रयोग पदवीच्या अभ्यासक्रमात शोभणारा आहे. रक्त हाताळण्याची शिस्त, संमती आणि गुप्तता यांचे नियम काटेकोर असावेत, निदान आरोग्यखात्याच्या देखरेखीखालीच व्हावे, यात दुमत नाही. किंबहुना ते नियम शिकणे हेही शिक्षणच. आदिवासी तालुक्यातल्या महाविद्यालयाचा जीवरसायन विभाग आरोग्यकेंद्राशी जोडला, तर विवाहापूर्वी वाहक असल्याचा अर्थ काय, हे गावाच्या बोलीत समजावणारी मुले तेथेच तयार होतील. आपल्या बोलीतला माणूस आणणे कोणत्याही महानगरी संस्थेला इतके सोपे नाही.

उपकरणे नाहीत, ही सबब ज्यांना पुरेशी वाटते त्यांनी जुन्या गोष्टी आठवाव्यात. भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती निळ्या रंगाच्या गडदपणावर चालते. दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी यांना केवळ स्त्री म्हणून १९३३ साली बंगळूरूच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश नाकारला जात होता. त्या हटल्या नाहीत. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली ती बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी शोधून. आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेत संशोधनासाठी विषय निवडले ते नीरा आणि कडधान्यांसारखे. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरचे यंत्र आज लाखांच्या घरात जाते, पण सुरुवातीच्या काळात ते काम वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात नळ्या हाताने हलवूनच होत असे. त्यात लागणारा उष्णतेला न डगमगणारा विकर ज्या जीवाणूतून मिळाला, तो यलोस्टोनच्या उन्हाळ्यातून वेगळा काढणाऱ्या थॉमस ब्रॉक यांचा सहकारी हडसन फ्रीझ हा तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. उन्हाळे कोकणात आणि खानदेशातही आहेत. तेथे सहली जातात, नमुन्याच्या बाटल्या जात नाहीत.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार महाविद्यालय योजना २००८पासून पदवीच्या प्रयोगशाळांना बळ देते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह पदवीचा मार्ग खुला झाला आहे. पण चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन करायला कायम प्राध्यापक लागतो, आणि तो नेमायचा म्हटले की शासन वित्त विभागाकडे बोट दाखवते, संस्थाचालक शासनाकडे. प्रवेशद्वाराच्या कमानीला मात्र दोघांकडेही पैसे सापडतात.

पालकांकडे आजही एक साधे हत्यार आहे. प्रवेशाच्या दिवशी शुल्काची पावती फाडण्यापूर्वी प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगावे. तेथे मायक्रोपिपेट किती आणि त्यांतले चालू किती, हे विचारावे. शीतकपाटातल्या विकरांच्या बाटल्यांवर मुदतीची तारीख कोणती आहे ते वाचावे. आणि मागच्या वर्षीची जर्नले मागून घेऊन, एकाच प्रयोगाची दोन मुलांची उत्तरे वेगळी आली आहेत का, ते पाहावे.