पहिली गाडी लहानच हवी

मोठी बाइक घेणारा पोरगा नुसता मिरवायला घेतो, असं म्हणून हा विषय उडवून लावणं मला पटत नाही. मिरवण्याची हौस असतेच. पण शोरूममध्ये वडिलांपुढे तो जी कारणं मांडतो, ती त्याला मनापासून खरी वाटत असतात. तेव्हा उत्तर त्या कारणांनाच द्यायला हवं.

हायवेला ताकद लागते, हे पहिलं कारण. कुठल्या हायवेला? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही आहे. उरलेल्या चौपदरी महामार्गांवर केंद्राने 2018 साली दुचाकीला घालून दिलेली कमाल मर्यादा ताशी 80 किलोमीटरची. तेवढा वेग सव्वाशे सीसीची गाडी गाठते. खंबाटकीच्या चढाला डबलसीट, वर बॅग बांधलेली, अशी शंभर सीसीची गाडी दमते आणि ट्रकमागे रखडते, हे मात्र खरं. ज्याचं असं जाणं-येणं नेहमीचं आहे, त्याने दीडशे-एकशेसाठची घ्यावी. पण चाकणला बनणाऱ्या ड्यूक 390 ची ताकद 46 पीएस, स्प्लेंडरच्या जवळजवळ सहापट. तिची गरज त्या चढाने सिद्ध होत नाही.

दुसरं कारण, जड गाडी रस्ता धरून चालते. सरळ रस्त्यावर, वेगात असताना, हो. आपलं रोजचं चालवणं मात्र गर्दीतलं, पाय टेकत टेकत केलेलं. क्लासिक 350 चं वजन 195 किलो. सोसायटीच्या उतारावरून ती मागे ओढताना ओल्या फरशीवर बूट सरकला आणि गाडी एकदा कलली, की साठ किलोच्या पोराला ती सावरत नाही. स्पोर्ट्स बाइकचं दुखणं वेगळं. सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की मांड्या भाजतात. मागची सीट वीतभर आणि उंच. साडी नेसलेल्या आईला तिच्यावर एका बाजूला बसताच येत नाही. मग मंडईसाठी घरात स्कूटर येते.

तिसरं कारण मला सर्वांत घातक वाटतं : गाडी काही पुन्हा पुन्हा घेणं होत नाही, मग पहिलीच मोठी घेऊ. गाडी शिकायची असते ती चुका करत. वळणात थ्रॉटल जरा जास्त पिळला गेला, तर लहान गाडी सावरायला वेळ देते. मोठी देत नाही. डोळ्यांना धोका कळेपर्यंत ती वळणाबाहेर गेलेली असते. पुढचा ब्रेक किती दाबायचा, गियर कधी उतरवायचा, नजर कुठे ठेवायची, हे सगळं हाताला मुरायला दोन पावसाळे तरी जावे लागतात.

कायदाही इथे पोराच्या मदतीला येत नाही. आरटीओत लहान गाडीवर आठचा आकडा काढून दाखवला, की गियरवाल्या मोटारसायकलचं लायसन्स मिळतं आणि त्याच लायसन्सवर हजार सीसीची गाडीही चालते. ब्रिटनमध्ये 18 वर्षांच्या मुलाला 125 सीसीच्या वर परवाना नाही; पुढची पायरी 19 व्या वर्षी, तीही 35 किलोवॉटपर्यंतच. अशा पायऱ्या आपल्याकडे यायलाच हव्यात, आणि त्यांची मागणी बाइकवर जीव असलेल्यांनीच करावी.

मोठ्या बाइकचं वेड मला वाईट वाटत नाही. ती जरूर घ्यावी, पण दुसरी म्हणून. आधी दीडशेची सेकंडहँड घ्या, उरलेल्या पैशांतून फुल-फेस हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे घ्या, आणि भर जुलैत ताम्हिणी सावकाश चढून-उतरून या.