लवचिकता कोणासाठी?

'लवचिक अभ्यासक्रम' हा शब्द हल्ली फार कानावर पडतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात २०२३ पासून स्वायत्त आणि २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, इंटर्नशिप... यादी वाचतानाच दम लागतो!

मूळ कल्पनेशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगतो. विज्ञानाच्या मुलीने थोडा इतिहास वाचावा, कलाशाखेच्या मुलाला आकडेवारी समजावी, हे कोण नाकारेल? राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात पदवीच्या मुलांना सर्वसाधारण शिक्षण द्या असं सांगितलंच होतं. पाऊणशे वर्षांनी का होईना, जाग आली.

माझं भांडण आहे ते तुकड्यांशी. ओपन इलेक्टिव्हचा एक विषय बहुतेक ठिकाणी दोन श्रेयांकांचा असतो. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, म्हणजे सगळा विषय तीस तासांत संपवायचा. त्यातून सुट्ट्या, परीक्षा, गॅदरिंग वजा करा. तीस तासांत मानसशास्त्राची तोंडओळखसुद्धा होत नाही, पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेची होते. मूल पन्नास गुण मिळवतं आणि पुढचा तुकडा उचलतं.

आणि निवड तरी कोणाची? शाळेत वर्षानुवर्षं वेळापत्रक लावलेला माणूस म्हणून सांगतो, वेळापत्रक हा फार कठोर प्राणी आहे. कागदावर वीस विषय असले तरी मुलाला मिळतो तो, ज्याला शिक्षक आहे, खोली आहे आणि ज्याचा तास मेजरच्या तासावर येत नाही. कित्येक महाविद्यालयांत वर्षानुवर्षं जागा भरलेल्या नाहीत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम चाललं आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अशा ठिकाणी लवचिकता व्यवस्थेच्या सोयीची होते. मुलाच्या वाट्याला उरतं ते 'मिळेल ते घे'.

बरं, मोकळी निवड दिली म्हणजे काम झालं असंही नाही. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय जवळजवळ सगळे काढून टाकले. मुलं सोपे, प्राथमिक विषय वेचू लागली. म्हणून त्यांच्यामागून आलेल्या लॉवेल यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्यांत ठरवून दिलेली विभागणी, अशी शिस्त आणली. उलट टोक आपल्याकडे दिल्लीत दिसलं. २०१३ साली दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांचा अभ्यासक्रम आणून सगळ्यांना अकरा पायाभूत विषय सक्तीचे केले. हे तर शाळेच्या पातळीचे आहेत अशी ओरड झाली आणि २०१४ मध्ये तो अभ्यासक्रम गुंडाळावा लागला.

मग करायचं काय? माझं म्हणणं सरळ आहे. विषय कमी करा, ते वर्षभर चालवा आणि निवड विषयाच्या आत द्या.

उदाहरणार्थ 'पाणी' हा एकच विषय घ्या. वर्तमानपत्रात रोज 'धरणात इतके टीएमसी साठा' असं छापून येतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८०० कोटी लिटर. हे किती पदवीधर सांगू शकतील? हे गणित सगळ्यांनी करावं. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तळी-बंधाऱ्यांविषयी काय मांडलं आहे ते सगळ्यांनी वाचावं. कृष्णेच्या पाण्यावरून राज्यं लवादापुढे का गेली ते समजून घ्यावं. एवढा गाभा समान. त्यापुढे रसायनशास्त्राच्या मुलीने गावातल्या विहिरीचं पाणी तपासावं, वाणिज्यच्या मुलाने टँकरच्या खर्चाचा हिशेब मांडावा, मराठीच्या मुलीने पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलून नीट, शुद्ध चार पानं लिहावीत. वर्षाअखेरीस सगळ्यांनी एकमेकांसमोर उभं राहून आपलं काम सांगावं. याला मी लवचिक अभ्यासक्रम म्हणेन. असे चार विषय तीन वर्षांत झाले तरी पुष्कळ.

कोणी म्हणेल, याला शिक्षक फार लागतील. उलट, वीस तुकड्यांपेक्षा कमीच लागतील. फक्त ते पूर्णवेळ हवेत आणि एकमेकांशी बोलणारे हवेत. खरी अडचण इथेच आहे. नवा आराखडा छापायला कागद पुरतो. शिक्षक नेमायला मात्र पगार द्यावा लागतो, आणि त्याची वेळ आली की सगळे 'लवचिक' होतात!

असो. तुमच्या घरात कोणी पहिल्या वर्षाला असेल तर त्याला एकच विचारा : ओपन इलेक्टिव्ह तू निवडलास की तुला मिळाला? उत्तर मलाही कळवा.