विजेचा धक्का आणि मागाहून जाणारी दृष्टि

विजेच्या धक्क्यांतून जीव वांचला, हातापायांच्या जखमा भरून आल्या, म्हणजे संकट टळलें अशी समजूत खेडोपाडीं दृढ आहे. डोळ्यांपुरती तरी ती खरी नव्हे, हें जाणत्या वाचकांनीं आपल्या शेजाऱ्यांस सांगणें अगत्याचें आहे.

डोळ्यांतील भिंग मुख्यतः पाणी व प्रथिनें यांचें बनलेलें असून तें निर्मळ कांचेसारखें पारदर्शक असतें. विजेचा जोरदार प्रवाह डोकें, मान किंवा खांदा यांजवळून गेला असतां हीं प्रथिनें बिघडतात व भिंग हळूहळू गढूळ होतें. हाच विजेचा मोतीबिंदु. शेतांवरून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारेचा स्पर्श झालेल्यांस त्याचें भय विशेष. आकाशांतील वीज अंगावर पडल्यानेंही तो होतो. त्यास वयाची मर्यादा नाहीं. तो बहुधा कांहीं महिन्यांनीं, क्वचित् वर्ष उलटल्यावरही दिसूं लागतो. तोंवर धक्क्याची आठवण पुसट झालेली असते आणि तरुण मनुष्य चष्मा लागला असेल असें म्हणून स्वस्थ बसतो. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसविल्यास पुष्कळांस पुन्हां चांगलें दिसूं लागतें. परंतु प्रवाहानें दृष्टिपटल किंवा दृष्टीचा मज्जातंतु दुखावला असेल, तर शस्त्रक्रियेचा तितका उपयोग होत नाहीं.

आतां व्यवहाराची गोष्ट. मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों आहें. जें कागदावर नाहीं तें घडलेंच नाहीं, असा दप्तराचा न्याय असतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ सालीं सुरू झाली. तींत विजेचा धक्का व वीज पडणें हे अपघात धरले असून, एक डोळा निकामी झाल्यास १ लक्ष आणि दोन्ही झाल्यास २ लक्ष रुपये ठरविले आहेत. तरतूद स्तुत्य आहे. परंतु प्रस्ताव तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यावयाचा, हा नियम तुटलेल्या हातास लागू पडतो. सहा महिन्यांनीं मंदावणाऱ्या डोळ्यास तो कसा लागू पडावा? डोळ्यांच्या बाबतींत ही मुदत अपघातापासून न मोजतां डॉक्टरांच्या निदानापासून मोजावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, अशानें खोट्या मागण्यांस ऊत येईल. त्यावर उपाय सोपा आहे. धक्का बसलेल्या प्रत्येक मनुष्याच्या दोन्ही डोळ्यांची तपासणी इस्पितळांत त्याच वेळीं व्हावी आणि कोणत्या डोळ्यानें किती दिसतें हें केसपेपरांत लिहिलें जावें. पूर्वीचा अधूपणा असेल तो तेथेंच उघड होईल. नंतर आलेला असेल तो मागील नोंदीशीं ताडून सिद्ध होईल. सरकारचा पैसा आणि शेतकऱ्याचा हक्क, दोहोंचेंही रक्षण एकाच ओळीनें होईल.

नियम बदलेपर्यंत आपण आपल्या हातचें करावें. अपघाताची वर्दी त्याच दिवशीं पोलिसांत व वीज कंपनीच्या कचेरींत देऊन पोंच घ्यावी, केसपेपर जपून ठेवावा, आणि दिसण्यांत फरक वाटो वा न वाटो, वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनीं डोळे तपासून घ्यावेत. सातबारा जपण्याची दक्षता आपणांस शिकवावी लागत नाहीं. तीच दक्षता या कागदांविषयीं दाखवावी, इतकीच विनंति.