गाडी उंच हवी की चाक जमिनीवर हवे?

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात कुरुंदा हे गाव आहे. त्याच्या शिवारातील काळी माती पावसात भिजली की फुगते आणि चाकाला लगदा होऊन चिकटते. बैलगाड्या व उसाच्या ट्रॉल्या तिच्यात खोल चर पाडतात, आणि ऊन पडले की ते चर विटेसारखे टणक होतात. ‘चाकोरी’ हा शब्द आपण एरवी सहज वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ इथल्या पांदण रस्त्यावर पायांना लागतो.

अशा वाटेने जीप न्यायची तर काय करावे? गॅरेजमध्ये एक ठरलेला सल्ला मिळतो: “गाडी उंच करून घ्या.” मग स्प्रिंगखाली ठोकळे बसतात, नाहीतर एखादा जादा पाटा चढतो, आणि गाडी रुबाबदार दिसू लागते. माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकीचा, हे समजायला तुमचे शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करू. ‘शॉक अब्सॉर्बर’, गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’, याच्या नावाचा अर्थ ‘धक्का शोषणारा’ असा होतो. खरे पाहता धक्का झेलते ती स्प्रिंग. पण दाबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते आणि गाडी वरखाली झुलू लागते. हे झुलणे थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की ते बारीक छिद्रांतून जोराने ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. यालाच अवमंदन म्हणतात. प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजन टांगून ते आधी हवेत, मग गोडेतेलाच्या भांड्यात बुडवून झुलवा. फरक लगेच दिसेल.

आता जादा पाट्याचे पाहा. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबते यावर तिच्या झुलण्याचा वेग ठरतो. २० सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला सुमारे १.१ वेळा झुलते. ५ सेंटिमीटरच दबली तर २.२ वेळा. पहिली गती अंगाला सोसते, दुसरी हाडे खिळखिळी करते. शिवाय स्प्रिंगचा ताठरपणा दुप्पट केला तर झुलणे पूर्वीइतक्याच झोक्यांत शमण्यासाठी शॉकअपही सुमारे १.४ पट जोरकस लागतो. शॉकअप जुनाच ठेवला तर चाके रस्त्यावर उड्या मारतात, आणि हवेतल्या चाकाला ब्रेकही नाही व सुकाणूही नाही.

ठोकळ्यांची गोष्ट याहून गमतीची आहे. चाक खड्ड्यातून जाते तेव्हा त्याला खाली उतरावे लागते, आणि शॉकअप जेवढा लांब होऊ शकतो साधारण तेवढेच ते उतरते. ठोकळ्यांनी गाडी १० सेंटिमीटर उचलली आणि शॉकअप तोच राहिला, तर तो आधीच १० सेंटिमीटर ताणलेला असतो. पुढच्या चाकोरीत चाक तळाला टेकतच नाही. साधे डिफरन्शियल असलेल्या गाडीत लोंबणारे चाक गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक गप्प बसते. म्हणजे ज्या चिखलातून सुटण्यासाठी खर्च केला, त्याच चिखलात गाडी अडकते! शिवाय ज्या गाडीला सलग आस आहे, तिच्या आसाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा स्प्रिंग उंच केल्याने तसूभरही वर जात नाही. चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर आपटतो तो हाच गोळा. त्याला वर न्यायचे तर चाकच मोठे हवे. बैलगाडीला स्प्रिंग नाही, पण भले मोठे चाक आहे, ते उगीच नव्हे.

या बाबतीत कारखान्यांनी काय केले? दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचा तळ जमिनीपासून पावणेनऊ इंच, म्हणजे सुमारे २२२ मिलिमीटर उंच होता. महिंद्रा कंपनीची २०२० साली आलेली, नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी ‘थार’ २२६ मिलिमीटर उंच आहे. इतक्या वर्षांत फरक फक्त ४ मिलिमीटरचा! बदलले ते दुसरेच. विलीजला चारही चाकांवर पाटे होते. या थारला गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत, आणि गाडीची रुंदी सुमारे पाव मीटरने वाढली आहे.

रुंदीचे महत्त्व काड्यापेटी सांगेल. ती फळीवर आडवी ठेवून फळी तिरकी करा, मग उभी ठेवून करा. उभी पेटी आधी लवंडते. गाडीसाठी हिशोब असा: दोन चाकांमधल्या अंतराचे निम्मे भागिले गुरुत्वमध्याची उंची. अंतर दीड मीटर व गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर असेल, तर उत्तर १ येते. गाडी १० सेंटिमीटर उचलली की ते सुमारे ०.८८ होते. फार नाही, असे तुम्ही म्हणाल. पण आता टपावर चार माणसे बसवा, जी आपल्याकडे बसतातच. गाडी १८०० किलोची, माणसे ६० किलोंची आणि त्यांचा भार जमिनीपासून सुमारे २.२ मीटरवर धरला, तर गुरुत्वमध्य १ मीटरच्याही थोडा वर जातो आणि आकडा ०.७४ वर उतरतो.

कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. आकडा १ असताना वळणावर जास्त वेग घेतला तर गाडी आधी घसरते, आणि चालकाला सावरायला क्षणभर मिळतो. आकडा घर्षणांकापेक्षा खाली गेला की ती घसरण्याआधीच उलटते. वळणावर मऊ स्प्रिंगांवर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा हा आकडा आणखी घटतो. टपावरून शाळेला जाणाऱ्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. शिक्षकांनी ते फळ्यावर करून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

उंच गाडीमुळे अंगात येणारे धाडस हा आणखी एक धोका. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले होते. अशा वेळी ओढ्यात गाडी घालण्याचा मोह होतो. पण ४ मीटर लांब व १.७ मीटर रुंद गाडीचा तळ पाण्यात गेला, तर पुढच्या प्रत्येक १० सेंटिमीटरला सुमारे ६८० किलो पाणी बाजूला सारले जाते. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तेवढेच तिचे वजन हलके होते. आत पाणी शिरेपर्यंत २७ सेंटिमीटर पुरतात, आणि १८०० किलोची गाडी तरंगू लागते. थारसाठी सांगितलेली ६५० मिलिमीटरची मर्यादा वाहत्या पुरासाठी नव्हे.

मग कुरुंद्याच्या जीपवाल्याने निवडावे काय? कारखान्याने दिलेली उंची तशीच ठेवावी. सर्व्हिसिंगला नेल्यावर झिजलेल्या स्प्रिंगा व शॉकअप जोडीने बदलावेत. उंची वाढवायचीच झाली तर तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये, आणि तेवढ्याच जास्त लांबीचा शॉकअपही घ्यावा. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कारखान्याच्या मूळ नमुन्यात बदल करण्याला मनाई केली आहे, म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारावे. महागडे नायट्रोजन भरलेले शॉकअप घेण्याची घाई नको. तासन्‌तास खडबडीत वाटेने धावताना तेल तापते, त्याला फेस येतो आणि अवमंदन घटते. वायूचा दाब हा फेस रोखतो. शेतातून गावापर्यंतच्या फेरीत तेल तेवढे तापतच नाही. त्या पैशात चांगले टायर येतील. भिजलेल्या रानात त्यांतली हवा थोडी कमी केली की भार जास्त जागेवर पसरतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरायची.

शॉकअप झिजला की नाही हे तुम्हालाही तपासता येते. उभ्या गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. तो वर येऊन एकदा खाली गेला आणि थांबला तर शॉकअप ठीक आहे. तीन-चार वेळा झुलला, तर ठोकळ्यांसाठी ठेवलेले पैसे कुठे खर्च करायचे ते कळले.