इंजिन उतरवलं का?

पावसाळा लागला की आमच्या टपालाचा रंग बदलतो. एसी आणि कूलिंगची पत्रं मागे पडतात, चेंबरची पुढे येतात. यंदा चेंबर फुटल्याचं कुणी फारसं लिहिलेलं नाही, ते फुटणारच. तक्रार आहे ती चेंबर बदलल्यावर हातात पडणाऱ्या मजुरीची. सांगलीकडचे एक वाचक लिहितात, "साडेचार तास गाडीखाली होतो. मंजूर झाली तासाभराची मजुरी. सर्व्हेअरने एवढंच विचारलं, इंजिन उतरवलं का?"

हाच प्रश्न गेल्या महिन्यात मीही ऐकला, तोही माझ्याच गॅरेजात.

चार वर्षं उलटलेली एक हॅचबॅक टो होऊन आली. गल्लीतल्या लोकांनी स्वतःच घातलेल्या स्पीडब्रेकरवर पोट टेकलं होतं. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ म्हणतं, गोल उंचवटा १० सें.मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडे उंची पाळत नाहीत आणि रुंदी तर दोन विटांची. असो. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, ड्रेन प्लगपासून बोटभर तडा. मालक शहाणा निघाला, ऑइलचा दिवा लागताच चावी बंद करून गाडी बाजूला घेतली. जाळीत चकाकी नव्हती, बेअरिंग वाचले होते. म्हणजे इंजिन खाली घ्यायचं काहीच कारण नव्हतं.

पण चेंबर सरळ खालीही येत नव्हतं. मागची कड के-फ्रेमच्या वर, पुढून फ्रंट पाइप. पाइप सोडला, इंजिन वरून बीमला टांगलं, फाउंडेशनचे बोल्ट काढले, स्टिअरिंगचा जॉइंट खूण करून सोडला आणि के-फ्रेम चार बोटं खाली घेतली. इतकं करूनही चेंबर स्ट्रेनरला अडकलंच. मग पुलीच्या बोल्टवरून क्रँक फिरवून वजनाची बाजू वर नेली आणि फटीतून हात घालून स्ट्रेनरचे दोन बोल्ट नुसत्या स्पर्शावर सोडले. स्ट्रेनर चेंबरमध्ये पडला तेव्हा कुठे दोन्ही एकत्र बाहेर आले. ज्यांनी हे केलंय त्यांना ते दोन बोल्ट ठाऊक आहेत. मनगटाची साल तिथेच जाते. एकूण सव्वाचार तास, सिलिकॉन सुकायचा वेळ वेगळा.

सर्व्हेअर आले, चेंबर उलटसुलट करून पाहिलं, तडा मान्य केला. घसारा कापला ३५ टक्के; तो गाडीच्या वयाप्रमाणे नियमातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मग मजुरीची ओळ आली. "इंजिन उतरवलं का?" नाही. "मग ऑइल चेंबर बदलण्याचंच लेबर बसेल." मी के-फ्रेम म्हणालो, फाउंडेशन म्हणालो. त्यांनी मोबाइलवरची यादी माझ्यापुढे धरली. तिच्यात दोनच ओळी: चेंबर बदलणे, आणि इंजिन उतरवून बसवणे. मधल्या कामाला ओळच नाही. मजुरीला घसारा लागत नाही म्हणतात, माझ्या मजुरीला मात्र त्या दिवशी चांगलाच लागला.

पहिली ओळ कुठल्या काळातली आहे ते आपल्याला माहीत आहे. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं पत्र्याचं चेंबर फ्रंट पाइप आणि क्लचची खालची प्लेट काढली की हातात यायचं. तिथे तासाभराचं लेबर वाजवी होतं. आज खाली के-फ्रेम आहे, चेंबर दोन तुकड्यांत आहे, वरचा ओतीव आणि खालचा पत्र्याचा. वरच्याला गिअरबॉक्सचे बोल्टही येतात. यादी मात्र तिथेच बसली आहे.

आता यातला विनोद बघा. मी इंजिन सरळ खाली घेतलं असतं, तर एसीचा गॅस काढून पुन्हा भरला असता, हार्नेस सोडला असता, अ‍ॅक्सल काढले असते, दोन दिवस लिफ्ट अडवली असती, आणि कंपनीने त्या सगळ्याचं लेबर तक्रार न करता दिलं असतं. गिऱ्हाईक दोन दिवस रिक्षाने फिरलं असतं. म्हणजे काम कमी खर्चात, गाडीला कमी हात लावून केलं याचा दंड मला! एका दोस्ताने सल्ला दिला, "इंजिन बीमला टांगलेलं होतं ना, वरून फोटो काढायचा. उतरवलेलं आणि टांगलेलं, फोटोत काय फरक दिसतो?" दिसत नाही हे खरं आहे. पण यादीच माणसाला खोटं बोलायला शिकवत असेल, तर दोष फक्त दोस्ताचा कसा म्हणू?

सर्व्हेअर मंडळींना एकच विनंती: एकदा गाडीखाली या. खुर्ची देऊ, चहा देऊ, पण के-फ्रेम खाली येताना डोळ्यांनी बघा. इंजिन जाम होऊन आलेल्या गाडीला 'परिणामी नुकसान' म्हणून तुम्ही हात वर करता, तेही पॉलिसीत लिहिलेलं आहे. मग ज्या मेकॅनिकने ते नुकसान होऊच दिलं नाही, त्याच्या सव्वाचार तासांना निदान एक ओळ द्या.

आता थोडं आपल्याच लोकांविषयी, आणि हे गोड लागणार नाही. सर्व्हेअरचा विश्वास उडाला यात आपलाही हात आहे. इंजिन न उतरवता उतरवल्याचं बिल लावणारे आपल्यातच आहेत. जॅक थेट चेंबरखाली लावून पत्रा आत दाबणारेही आपल्यातच. तो पोचा जाळीपर्यंत गेला की ऑइल ओढलं जात नाही, आणि डिपस्टिकवर पातळी मात्र बरोबर. सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळणाऱ्यांना काय सांगावं? ३ मि.मी.ची अखंड रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, बस. जास्तीचं सिलिकॉन आत तुटून पडतं आणि जाळीवर जाऊन बसतं. ६ मि.मी.च्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, तिथे गन लावून अ‍ॅल्युमिनियमचे आटे उडवायचे आणि पुढच्या खेपेला हेलिकॉइल घालत बसायचं. वर घाई इतकी, की ट्यूबवर लिहिलेला वेळ कुणी वाचत नाही, लगेच ऑइल ओततात. महिन्याभरात गळती लागते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात. अशा कामाच्या मजुरीसाठी भांडायला मी येणार नाही.

चांगल्या कामासाठी मात्र भांडायचं आहे आणि त्याला कागद लागतो. तोंडी "लई वेळ जातो" याला कुणी विचारत नाही. म्हणून दिवाळी अंकाच्या आधी एवढं करा. इंजिन न उतरवता चेंबर काढलेल्या प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड आम्हाला पाठवा. मॉडेल, साल, काय काय सोडलं, के-फ्रेम किती खाली घेतली, काम सुरू किती वाजता आणि बंद किती वाजता. सर्व्हेअरने किती मंजूर केलं तोही आकडा. गिऱ्हाइकाचं नाव नि गाडीचा नंबर खोडून टाका. आलेल्या कार्डांवरून मॉडेलवार तासांचा तक्ता छापू आणि तोच विमा कंपन्यांपुढे ठेवू. फोटो पुसट चालेल, अक्षर वेडंवाकडं चालेल, वेळ मात्र खरा लिहा.