प्रश्न विचारणारा कोण?

पंतप्रधान पत्रकारांपुढें येत नाहींत, अशी ओरड कित्येक वर्षें चालू आहे आणि ती खोटी नाहीं. जवाहरलाल नेहरू बहुधा दरमहा वार्ताहरांपुढें बसत. मनमोहन सिंगांना लोक मौनी म्हणत, पण 3 जानेवारी 2014 रोजीं तेही दिल्लींत प्रश्नांना सामोरे गेले. त्यांच्यामागून आलेल्या नरेंद्र मोदी यांनीं मात्र पहिल्या दहा वर्षांत देशांत एकदांही एकट्यानें खुली पत्रकार परिषद घेतली नाहीं. 17 मे 2019 रोजीं पक्षाच्या परिषदेंत ते येऊन बसले, बोललेही. पण प्रश्न आले ते शेजारीं बसलेल्या अमित शहांकडे वळले. मुलाखती झाल्या, भाषणें झालीं, आकाशवाणीवरून मनांतलें सांगून झालें. उलट प्रश्न विचारण्याची सोय तेवढी ठेविली नाहीं. मालक हिशेब मागायला यावा आणि दिवाणजीनें कीर्तन लावावें, तसा हा प्रकार!

तेव्हां दार उघडा ही मागणी रास्तच आहे. पण वाचकहो, दार उघडल्यावर आंत जाऊन बसणार कोण, हें कोणी विचारीत नाहीं. आम्हांला तोच मुद्दा मोठा वाटतो. गांवच्या चावडींत पाटील बसे, कुळकर्णी दप्तर उघडी, सगळा कारभार चारचौघांत चाले. तरी ज्याचें वतन बुडालें तो महार खालीं अंगणांत उभा असे आणि त्याच्याविषयीं बोलणारे सगळे ओट्यावर असत. चावडी उघडी होती एवढ्यानें त्याची दाद लागली असें कोण म्हणेल?

याबाबत अमेरिकेचा इतिहास आपल्याकडील शहाण्यांनीं नीट वाचावा. अध्यक्षाची पत्रकार परिषद हें तेथील लोकशाहीचें भूषण मानतात. हूव्हर यांच्या वेळेपर्यंत प्रश्न आधीं लिहून द्यावे लागत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं 8 मार्च 1933 च्या पहिल्याच परिषदेंत ती चाल मोडली आणि पुढें बारा वर्षांत हजाराच्या आसपास परिषदा घेतल्या. याहून उघडें दार तें कोणतें? परंतु यांतल्या पहिल्या जवळजवळ अकरा वर्षांत एकही काळा वार्ताहर आंत नव्हता. कारण विचारलें तर सांगत, आम्ही दैनिकांचेच लोक घेतों, तुमचीं पत्रें पडलीं साप्ताहिकें. बरें, 'अटलांटा डेली वर्ल्ड' हें काळ्या लोकांचें पत्र दैनिक होतें. त्यालाही नकारच मिळाला. आणि ही आडकाठी घालणारा कोण, तर व्हाइट हाऊसच्या वार्ताहरांचा स्वतःचा संघ! राजसत्तेला जाब विचारणारी मंडळीच दाराशीं काठी घेऊन उभी होती.

8 फेब्रुवारी 1944 रोजीं हॅरी मॅकअल्पिन हा पहिला काळा वार्ताहर आंत गेला, तोही सरकारनें परवानगी दिली म्हणून. संघाच्या अध्यक्षानें त्याला अगोदर सुचवून पाहिलें कीं, तूं बाहेरच थांब, आंत काय झालें तें आम्ही तुला सांगूं. मॅकअल्पिननें तें मानलें नाहीं. रूझवेल्ट यांनीं त्याचें स्वागत केलें. संघानें त्याला सभासद मात्र कधींच करून घेतलें नाहीं. पुढें सत्तर वर्षांनीं, 2014 सालीं, त्याच संघानें त्याच्या नांवें शिष्यवृत्ती ठेविली. मॅकअल्पिन तोंवर कधींच वारला होता. (जिवंतपणीं पाणी न देतां तेराव्याला लाडू वाढण्याची रीत आपल्याच देशांत आहे असें नाहीं.)

आंत जाणें ही अर्धी गोष्ट. 7 जुलै 1954 रोजीं 'शिकागो डिफेंडर'च्या एथेल पेन या बाईनें अध्यक्ष आयझेनहॉवर यांना विचारलें कीं, एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाणाऱ्या गाड्यांतला काळ्या-गोऱ्यांचा भेद बंद करण्यास सरकारचा पाठिंबा आहे काय? सेनापतिसाहेब चिडले, कोणा एका खास गटाची बाजू आपण घेणार नाहीं, अशा अर्थाचें त्यांनीं सुनावलें. त्यानंतर पेनबाईंना प्रश्नाची पाळी क्वचितच मिळाली. अ‍ॅलिस डनिगन या दुसऱ्या बाईंस तर प्रश्न आधीं दाखवा असें सांगण्यांत आलें. त्यांनीं दाखविले नाहींत. मग त्यांनीं कितीही हात वर केला तरी तो दिसेनासा झाला.

डनिगनबाई केंटुकीच्या. बाप दुसऱ्याची जमीन कसणारा, आई लोकांचे कपडे धुणारी. 25 जानेवारी 1961 रोजीं केनेडी यांची पहिली परिषद दूरचित्रवाणीवरून थेट दाखविली गेली. शेंकडों वार्ताहर जमले होते. रशिया आणि काँगो यांची चर्चा चालू होती. केनेडींनीं या बाईकडे बोट केलें. तिनें टेनेसीच्या फेएट परगण्यांतलें विचारलें: मतदार म्हणून नांव नोंदविलें एवढ्यासाठीं जमीनदारांनीं काळ्या बटाईदारांना घरांतून हुसकून लावलें होतें आणि तीं कुटुंबें थंडींत तंबूंत राहत होतीं. कुळाच्या लेकीनें कुळांविषयीं विचारलें, आणि अध्यक्षाला सगळ्या देशादेखत मतदानाच्या हक्काबद्दल बोलावें लागलें.

जोतीराव फुल्यांनीं 1873 सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलें, तेव्हां त्यांना हा धागा दिसलाच होता. आपली स्थिति आज काय आहे? 2019 सालीं ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनीं पाहणी केली. पत्रें, वाहिन्या, संकेतस्थळें यांतल्या प्रमुखांच्या 121 जागा तपासल्या. त्यांतल्या 106 वरिष्ठ जातींकडे निघाल्या, आणि दलित व आदिवासी मिळून एकही नाहीं. उद्यां पंतप्रधान खरोखरच परिषद घ्यायला बसले, तर तेथें कोणाला पाठवायचें हें या 121 खुर्च्यांतूनच ठरणार. शेअरबाजाराचा प्रश्न निघेल, निवडणुकीचा निघेल. गटारांत गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराचा, ऊसतोडीला गेलेल्या बाईचा प्रश्न कोणाच्या खिशांत असेल?

आपल्या जातीचा माणूस आंत गेला कीं काम झालें, असें आम्हीं म्हणत नाहीं. बहुजनांतलेही पुष्कळ वार्ताहर पुढाऱ्याच्याच मोटारींतून गांवाला येतात आणि त्याच्याच घरीं जेवून बातमी लिहितात. त्यांच्याबद्दल पुन्हां केव्हां तरी लिहूं.

तूर्त आमच्या मागण्या दोन. पंतप्रधानांनीं आणि मुख्यमंत्र्यांनींही प्रश्न आधीं न मागतां परिषद घ्यावी, ही पहिली. दुसरी संपादकांकडे: आपल्या कचेरींत कोणत्या जातींचे, कोणत्या तालुक्यांतले किती लोक बातम्या ठरवितात, तो आंकडा दरसाल आपल्याच पत्रांत छापावा. पहिल्या पानावर जागा नसेल तर आंतल्या पानावर चालेल.