स्वच्छ दिसणारे पाणी आणि वैद्यवर्गाची जबाबदारी

संसर्गजन्य रोगांसाठी असलेले महापालिकेचे कस्तुरबा रुग्णालय चिंचपोकळीत आहे आणि हाफकिन संस्था शेजारच्या परळमध्ये. प्लेगपासून २०२० च्या कोविडपर्यंत अनेक साथी या परिसराने पाहिल्या आहेत. असे असूनही, चाळींच्या आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या पाण्यातून उद्भवू शकणाऱ्या एका रोगाची चर्चा वैद्यवर्गात फारशी होत नाही. तो रोग म्हणजे लिजिओनेला जीवाणूमुळे होणारा न्यूमोनिया.

१९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर दोनशेहून अधिक लोक आजारी पडले व ३४ दगावले. पुढील वर्षी या रोगाचा जीवाणू सापडला आणि सैनिकांच्या ‘लीजन’ या संघटनेवरून त्याचे नामकरण झाले. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेतील कूलिंग टॉवरमधून तो पसरला. १३८ जण आजारी पडले, १६ मृत्यू पावले. त्यानंतर त्या शहराने सर्व कूलिंग टॉवरची नोंदणी व नियमित तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

हा जीवाणू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात वाढतो. नळांच्या व टाक्यांच्या आतील बुळबुळीत थरात तो आश्रय घेतो. असे पाणी प्याल्याने सहसा रोग होत नाही. त्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने होतो. वृद्ध, मधुमेही, धूम्रपान करणारे, जुनाट श्वासविकाराचे आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना धोका अधिक.

आता आपल्या परिसराकडे पाहावे. चाळीत नळाला पाणी आले की हंडे-कळश्या भरत आणि ते पाणी त्याच दिवशी संपे. स्नानाचे पाणी बंबात तापवून तांब्याने अंगावर घेतले जाई. आजच्या उंच इमारतीत तेच पाणी आधी जमिनीखालील टाकीत, मग गच्चीवरील टाकीत साठते आणि लांबलचक नळांतून फिरून गीझर व शॉवरपर्यंत पोहोचते. या प्रवासात क्लोरिन कमी होत जातो. थंड पाणी २० अंशांखाली ठेवावे, हा पाश्चात्त्य नियम मुंबईच्या हवेत पाळता येणे शक्यच नाही. म्हणूनच पाणी तुंबू न देणे, टाक्या नियमित धुणे आणि क्लोरिनचे प्रमाण राखणे यांचे महत्त्व येथे अधिक.

चरकाचार्यांनी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांच्या दुष्टीने समूहाला रोग होतो, असे सांगितले. सुश्रुताचार्यांनी दूषित जलाची लक्षणे आणि अग्नीने वा सूर्यतापाने ते शुद्ध करण्याचे उपाय दिले. हा वारसा अभिमानास्पद आहे. तथापि प्राचीनांना हा जीवाणू ठाऊक होता, असा दावा कोणी करू नये. शास्त्रोक्त परीक्षा वर्ण, गंध, रस आणि स्पर्श यांची आहे, आणि लिजिओनेलायुक्त पाणी या चारही कसोट्यांवर निर्दोष ठरू शकते. जेथे इंद्रिये थांबतात तेथे प्रयोगशाळेचे साहाय्य घेणे यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशी कसा येतो? पंचकर्म केंद्रात येणारा रुग्ण बहुधा याच धोक्याच्या वर्गातील असतो. उकळत्या पाण्याच्या वाफेने केलेल्या स्वेदनात हे भय नाही. भय आहे ते अभ्यंगानंतरच्या कोमट शॉवरचे, चार दिवस बंद असलेल्या खोलीतील नळाचे, नळाच्या पाण्याने भरलेल्या आर्द्रता यंत्राचे आणि स्वागतकक्षातील शोभेच्या कारंज्याचे.

औषधनिर्मात्यांनीही विचार करावा. अनुसूची टी नुसार निर्मितीसाठीचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे लागते. परंतु पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० जीवाणूंच्या बाबतीत कोलिफॉर्म व ई. कोलाय यांची कसोटी लावते. त्यात लिजिओनेला नाही. त्यामुळे ‘पाणी योग्य’ असा दाखला हाती असला तरी कारखान्यातील कूलिंग टॉवर निर्धोक आहे, असे सिद्ध होत नाही.

यावर आक्षेप येईल की, कायद्याची सक्ती नाही, रुग्ण फारसे आढळत नाहीत, मग हा खर्च का? आमचे उत्तर असे की, ज्याचा शोधच घेतला जात नाही ते आढळणार कसे? १९११ च्या अहवालात डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ विहिरी आणि टाक्यांतील डासांत दाखवले. विहिरी बंद करण्यास तेव्हा धार्मिक भावनेतून विरोधही झाला. आज मात्र टाकीला घट्ट झाकण असावे, याविषयी कोणी वाद घालीत नाही. डासांसाठी टाकी तपासण्यास जी शिडी लागते, तीच या कामीही पुरते.

तपासणी म्हणजे केवळ कागद नव्हे. निर्जंतुक बाटलीत सुमारे एक लिटर नमुना घ्यावा. बाटलीत क्लोरिनचा प्रभाव नाहीसा करणारे द्रव्य असावे, अन्यथा निष्कर्ष फसवा येतो. संवर्धन पद्धतीला सुमारे दहा दिवस लागतात. प्रयोगशाळेला मान्यता आहे एवढे पाहून थांबू नये, ती मान्यता याच तपासणीसाठी आहे का, हेही विचारावे. आणि एकदा नमुना निर्दोष आला म्हणून वर्षभर स्वस्थ बसू नये. तपासणी ही देखभालीची परीक्षा आहे, देखभालीचा पर्याय नव्हे.

रुग्णाच्या बाबतीतही सावधता हवी. तीव्र ज्वर, कास, श्वासकष्ट, त्यासोबत अतिसार किंवा बुद्धिभ्रम दिसल्यास गेल्या दोन आठवड्यांत तो हॉटेलात वा रुग्णालयात राहिला होता का, हे अवश्य विचारावे आणि त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. योग्य प्रतिजैविक लवकर मिळण्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. नेहमीची पेनिसिलिन वर्गातील औषधे येथे उपयोगी पडत नाहीत. तेथे काढ्यावर दिवस काढणे अक्षम्य ठरेल.

आमची सूचना एवढीच आहे. संघटनेच्या प्रत्येक शाखेने सभासदांच्या पंचकर्म केंद्रांचे नमुने एकत्रित तपासून घ्यावेत, म्हणजे खर्चाचा भार विभागला जाईल. प्रत्येक केंद्राने टाकी धुण्याची, गीझरचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवण्याची, नळावर ते विसण घालून देण्याची आणि बंद खोलीतील नळ आठवड्यातून एकदा तरी सोडण्याची नोंदवही ठेवावी. आपली नोंदवही तयार झाल्यावरच महापालिकेकडे रुग्णालये, हॉटेले आणि मोठ्या इमारतींसाठी नियमाची मागणी करावी. जो वैद्य आपल्या घरचे पाणी तपासतो, त्याचेच म्हणणे वजनदार ठरते.